धाकल्या पाणी आणतो

५ जानेवारी, सकाळ
खट्‌… सर्र. खट्‌… सर्र. रानशेतच्या शाळेचा व्हरांडा आणि सुधाच्या अधू पायाला आधार देणारा लोखंडी कॅलिपर. ती चौथीला शिकवायची, मी सातवीला. तो आवाज आला की मी कविता अर्धी सोडून दाराशी जाई. पोरं हसत. हसोत. लग्नानंतर तिला उठताबसता जे लागेल ते मीच देत आलो. आता कुबडीने तिचे खांदेही झिजले. पण मी आहे. भक्कम.

आज इंजिनीअरिंगची मुलं येणार. अपंगत्व घेऊन म्हातारं होणाऱ्यांसाठी त्यांनी घरात वावरणारा रोबो बनवलाय. ट्रायल आमच्या डहाणूच्या घरी. परवानगी मी दिली. (सुधाने फोनवर आधीच दिली होती. मी दुजोरा दिला.)

संकल्प: मन मोठं ठेवायचं.

संध्याकाळ
दिसायला स्टुलावर बसवलेला नळ. खाली चाकं, मध्ये ट्रे, एक लांब हात, मागे धरून चालायला दांडी. श्रुतिका टीमची प्रमुख. वेवजीचा मनिष वायरिंग बघतो. म्हणाला, आजोबा, टेन्शन नका घेऊ, एकदम मस्त चालते. मी म्हटलं, आजोबा नाही, सर. तो म्हणाला, हो आजोबा.

नाव ठेवा म्हणाले, हाकेशिवाय तो हलत नाही. मी तीन भारदस्त नावं सुचवली. सुधाने ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, धाकल्या. लगेच वळला.

एवढ्या संसारात मला नुसतं 'अहो'. आणि पत्र्याच्या डब्याला पहिल्याच दिवशी लाडाचं नाव.

मत्सर वगैरे नाही. फक्त नोंद.

७ जानेवारी
त्याच्याशी बोलून पाहिलं. म्हटलं, बा धाकल्या, किंचित जल घेऊन ये. तो पलंगाखाली शिरला. सुधा म्हणाली, धाकल्या, पाणी. बाहेर आला, पाणी आणलं. यंत्राला भाषेचा गंध नाही.

८ जानेवारी, दुपार
श्रुतिकाने सुधाची मुलाखत घेतली. मला ओटीवर बसवलं. खिडकी उघडी होती, त्याला माझा इलाज नाही. तिने विचारलं, आजी, सर असताना रोबो कशाला हवा? सुधा म्हणाली, अगं, यांच्याकडे पाणी मागितलं की आधी दोन कविता येतात, मग पाणी. तोवर गोळी हातातच विरघळते.

कौतुकच की. पण दोन नव्हे, एकच. दुसरी म्हणजे प्रस्तावना.

पुढे म्हणाली, आणि मागावं लागतं गं. जन्मभर मागत आलेय. ह्याला सांगताना मागितल्यासारखं वाटत नाही.

हे मात्र नीट ऐकू आलं नाही. रस्त्यावरून टेम्पो गेला असावा.

११ जानेवारी
आज स्पर्धा. मीच सुचवली. एक पेला पाणी, स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत. मनिषने शिट्टी वाजवली. धाकल्या उंबऱ्याशीच अडखळला. मी ऐटीत माठापाशी. खिडकीतून चिकूच्या फांदीवर बुलबुल दिसला. सहावीच्या पुस्तकातली पाखरांची कविता आठवली, तिसरं कडवं आठवेना. शेवटी आठवलं. चालीवर म्हणत बाहेर आलो. टाळ्या नाहीत. हातात पेलाही नव्हता. धाकल्याने अर्धं सांडून अर्धं आणलं होतं. सुधा ते अमृतासारखं प्यायली.

निष्कर्ष: वेगात तो सरस, आशयात मी.

१३ जानेवारी
त्याच्या वाटेत माझ्या चपला, पाट आणि शब्दकोशाचा दुसरा खंड ठेवला गेला. तो थांबला. म्हणाला, कृपया वाट मोकळी करा. मला! माझ्या घरात! मी हललो नाही. सुधा इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी आणायला धावलो, तर चपलांना अडखळलो.

१४ जानेवारी, संक्रांत
सुधाने मला तिळगूळ पाठवला. त्याच्या ट्रेमधून. पलंगावरून ओरडली, गोड बोला हो! घेतला नाही.

नंतर खाल्ला.

निर्णय झाला. उद्या चिखल्याला, मित्र काशीनाथकडे. माणूस नसला की त्याची किंमत कळते. दोन दिवस पुरेत.

१५ जानेवारी
सुधा म्हणाली, जा, हवापालट होईल, मफलर घ्या. आवाजात कंप होता. तिला सर्दी आहे, पण हा कंप वेगळा.

काशीनाथ रेल्वेतून निवृत्त, एकटा राहतो, घर समुद्राला लागून. सगळं सांगितलं. तो म्हणाला, मास्तर, पुरुषाला सवत आलेली आजच बघतोय. तीही चार्जिंगवाली! मी कवितेतून उत्तर दिलं. तो घोरू लागला.

१६ जानेवारी
फोन नाही. काशीनाथ म्हणाला, सायलेंटवर आहे का बघ. बघितलं. नव्हता. रेंजही भरपूर.

१७ जानेवारी
चुकून घरचा नंबर लागला. सुधा म्हणाली, काय हो, सगळं ठीक ना? मी घाईत आहे, ठेवते.

घाईत? सुधा? मागून तिचाच आवाज आला, चल रे धाकल्या, धर नीट. कुठे चालली? विचारायच्या आत फोन बंद.

जेवण गेलं नाही. बोंबील होते तरी.

१८ जानेवारी, सकाळ
संकल्प: परत जायचं नाही. तिने बोलवल्याशिवाय तर नाहीच. बोलावलं तरी आधी थोडे आढेवेढे.

दार वाजतंय. काशीनाथ अंघोळीला गेलाय. पाववाला असेल.

नंतर, घाईत
पाववाला नव्हे. दारात सुधा! एका हाती कुबडी, दुसरा हात चौकटीवर, कपाळाला घाम. बाहेर रिक्षा, रिक्षात श्रुतिका. ही बाई कित्येक वर्षांत अंगणापलीकडे आली नव्हती. मीच म्हणायचो, कशाला, पडशील.

मी म्हटलं, शेवटी मला न्यायला आलीसच.

ती म्हणाली, न्यायला कुठलं? समुद्र बघायला आलेय. धाकल्याची दांडी धरून रोज फाटकापर्यंत चालतेय. आज त्याला घरी ठेवलं, म्हटलं पाय साथ देतात का बघू.

मी हात पुढे केला. म्हणाली, हात असू द्या. मागून आलात तरी चालेल. पण तोंड मिटून या. मला लाटा ऐकायच्यात.

समुद्रावरच्या चार कविता तर तोंडपाठ आहेत.

ती वाळूपर्यंत पोचलीसुद्धा. माझी चप्पल सापडत नाहीये.