झोळी मी काढायला लावली, याची नोंद होणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
सरकारी आरोग्य केंद्र, काराङसारी, मध्य जावा.

विषय : नात कु. पालुपी (वय १४) हिच्या केसपेपरवरील शेरा दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : आपला दि. ११ एप्रिल २०२४ चा शेरा, "रुग्णाने सूचना न पाळता हाताची झोळी काढली."

महोदया,

१. मी खाली सही करणार निवृत्त मुख्याध्यापक असून, सदर शेरा खोटा आहे, असे लाजेने कळवितो. सिलाटच्या आखाड्यात झुंजताना पडून पालुपीचे उजवे कॉलरबोन मोडले, तेव्हा आपण म्हणालात, "ऑपरेशन नको. या वयात हाड आपलं आपण जुळतं. फक्त चार आठवडे झोळी काढू नका." मी मान डोलावली होती.

२. बाराव्या दिवशी ईद आली. आपण दूरच्या आंबोन बेटावरच्या, म्हणून लिहितो : आमच्याकडे त्या दिवशी लहानांनी गुडघे टेकून, वडीलधाऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरून क्षमा मागायची असते. पालुपीने नुसता डावा हात पुढे केला. माझी थोरली बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "हाड मोडलं की वळणही मोडतं वाटतं, गुरुजी?" चाळीस वर्षे गावाच्या पोरांना वळण लावणारा मी. माझे तोंड एवढेसे झाले. मी म्हणालो, "काढ गं दोन मिनिटं, काही होत नाही."

ओळीत अकरा जण बसले होते. आठव्यापुढून उठताना ती कळवळली, घामाने डबडबली. तेव्हा तरी मी थांबवायला हवे होते. मी म्हणालो, "अजून तिघं राहिलेत." तिने तिघांचीही क्षमा मागितली. शेवटचा मी होतो.

३. दुसऱ्या दिवशी नव्या एक्स-रेत हाड सरकलेले पाहून आपण विचारलेत, "झोळी कोणी काढली?" ती म्हणाली, "मीच. खाज येत होती." मी शेजारीच उभा होतो आणि फरशीकडे पाहत होतो.

४. आता तो शेरा वाचून सिलाट वसतिगृहाचे प्रशिक्षक म्हणतात, हाड जुळेपर्यंत थांबू, पण सांगितलेले न ऐकणारी मुलगी नको. निवडीची यादी शुक्रवारी लागते. तरी 'रुग्णाने' ऐवजी 'रुग्णाच्या आजोबांनी' असे माझ्या नावासह लिहून त्यापूर्वी दाखला मिळावा. गावाने वाचला तरी माझी हरकत नाही.

५. आपण पालुपीला बोलावून खात्री कराल. खरे सांग म्हणून मी तिला काल विनवले. ती म्हणते, "मोठ्यांच्या चुका चारचौघांत सांगायच्या नसतात, आजोबा. तुम्हीच शिकवलंत ना." आपल्यासमोरही ती 'मीच काढली' असेच सांगेल. कृपया तिचे ऐकू नये.

आपला नम्र व अपराधी,
(सही)
सुवार्नो हार्जोसुमार्तो
दि. २२ एप्रिल २०२४

सोबत : दोन्ही एक्स-रे, ईदपूर्वीचा व नंतरचा.