रुपयाएवढी कुरडई

हिंगोली,
पाडव्यानंतरचा रविवार

प्रिय मंजुळा,

पुनमचंद शेठच्या दुकानातून तुझा निरोप पोचला. तुझे शब्द इकडचे तिकडे होऊ नयेत म्हणून त्यांनी ते बिलाच्या पाठीवर लिहून ठेवले होते. "लेकीच्या हळदीला येऊ का? मागं बायांत उभी राहीन. बोलणार न्हाई, कशाला हात लावणार न्हाई. नुसतं बघीन." या निरोपाला आता बारा दिवस झाले. काय उत्तर द्यावं ते सुचेना, म्हणून मी गहू भिजत घातले. हसू नकोस. तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला आणि निवळायला ठेवला. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं, आधणात मीठ-हिंग टाकलं आणि चीक हाटायला घेतला. गुठळ्या झाल्या. साच्यातून तार निघायची सोडून तुकडेच पडले. प्रतिक्षा सुट्टी घेऊन घरी आली आहे. तिनं एक तळलेला तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ चावला आणि म्हणाली, "मम्मी, ह्या तुझ्यासारख्या नाही झाल्या."

तू लग्न होऊन, माझी धाकटी जाऊ म्हणून, बाळापूरला आलीस तेव्हा मला तिथं सहा वर्षं झाली होती आणि अजून धड भाकरी येत नव्हती. मिशनच्या शाळेत, वसतिगृहात वाढलेली मी. काटे-चमचे मांडता यायचे, पेरूचा जॅम करता यायचा. भाकरी तव्यावर टाकेपर्यंत फाटायची. सासूबाई, आपल्या आत्याबाई, आल्यागेल्याला सांगायच्या, "ही आमची मडम. हिला भाकर थापता येत न्हाई, पर ताट वाढलं की थ्यांक्यू म्हणती." सगळे हसायचे. तू हसली नाहीस. आत्याबाई मारुतीला गेल्या की तू मला चुलीपुढं बसवायचीस आणि माझ्या हातावर हात ठेवून थापायला लावायचीस. "बाई, पिठाला मळताना तकलीफ द्या, थापताना देऊ नका." भाकरी, धपाटे, येसराची आमटी, लोणी कढवून तूप, हातावरच्या शेवया, हे सगळं मी तुझ्याकडून शिकले. आज माझ्या हाताला चव आहे असं लोक म्हणतात. तो हात तू घडवलास.

कुरडया मात्र तू एकटीच करायचीस. उजाडता उजाडता माळवदावर बाज टाकून, पदर खोचून, एकामागं एक. पातेल्याच्या बुडाचा गरम चीक दूध-साखर घालून प्रतिक्षाला बोटानं चाटवायचीस. आणि शेवटी साच्यात उरलेल्या चिकाची एक रुपयाएवढी कुरडई घालायचीस, "ही माझ्या चिमणीची" म्हणून. ती वाळेपर्यंत पोरगी तिच्यापाशी राखण बसायची. लग्नाला दहा वर्षं होऊन मला मूल नव्हतं. मी जिन्यात उभी राहून तुमच्याकडे बघत असायचे. तेव्हा मला वाटायचं, मला तुमचं कौतुक वाटतंय.

मग शिलाच्या लग्नाचं वर्ष आलं. आपली एकुलती एक नणंद, जवळा बाजारच्या मोठ्या घरात दिलेली. ऐन तयारीत आत्याबाई न्हाणीत पडल्या, मनगट मोडलं. रुखवतात मांडायचं सगळं घरीच करायचं होतं, आणि कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्या कमरेला दिला. पहिल्यांदाच. देताना म्हणाल्या, "आता बघू, मडमला काय येतं ते." त्या आठवड्यात मळ्यातून दोन पोती कैऱ्या आल्या. तू दारातूनच म्हणालीस, "मी आज दूर हाय, बाई." आपल्या घरी त्या चार दिवसांत लोणच्यावर बाईची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. पण दोन पोती कैऱ्या एकटीनं चिरणार कशा? मी म्हणाले, आमच्या शाळेत असलं काही मानत नव्हते, बस चिरायला. "आत्याबाईला कळलं तर माझं काई खरं न्हाई बघा." मी म्हणाले, "कोण सांगतंय? मी आहे ना." तू बसलीस. विळीवर दोघी समोरासमोर होतो. मीठ भाजलं, मोहरी कुटली, घरचीच हळद घातली, तेल कोमट करून ओतलं. चारी बरण्यांचं कालवण तुझ्याच हातचं.

पोरगी रडायला लागली म्हणून तू उठलीस, आणि जाताना सांगून गेलीस, "बरणीला पाणी लावू नका बरं. उन्हात तापवा आन् हिंगाची धुरी द्या." तीन जुन्या बरण्यांना मी धुरी दिली. चौथी नवी होती, पांढरी, शिलाच्या सासरी जाणारी. तिला दुकानातला पेंढा आणि धूळ लागलेली. शाळेत सिस्टर जॅमच्या बाटल्या उकळत्या पाण्यानं धुवायच्या, तासभर उन्हात पालथ्या घालायच्या. माझ्याकडे तासभर नव्हता. मी बरणी उकळत्या पाण्यानं विसळली, फडक्यानं पुसली आणि लगेच भरली. मानेखाली, आतल्या वळणात, जिथं फडकं पोचत नाही, तिथं पाणी राहिलं. मंजुळा, हे वाक्य मी बावीस वर्षांनी लिहिते आहे. पुन्हा एकदा वाच. पाणी राहिलं होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं तुला कधी कळलं नाही. मृग लागून गेला आणि शिलाच्या सासूबाई, निर्मलाबाई, जीप करून स्वतः आल्या. बरणी ओट्यावर ठेवली आणि सगळ्या बायांदेखत आत्याबाईंपुढं झाकण काढलं. वर पांढरी बुरशी, आणि आत वळवळणारं काहीतरी. "आमच्याकडं खायला न्हाई असं वाटलं व्हय, अनुसयाबाई? किडे कशाला पाठवले, आमच्यात तेबी हायेत." आत्याबाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या वळल्या आणि विचारलं, "कोणाचा हात लागला व्हता?" माझ्या कमरेला किल्ल्या होत्या. मी म्हणाले, "मंजुळा दूर होती त्या दिवशी. मला नंतर कळलं."

मला नंतर कळलं. हे तीन शब्द मी जोडले. तू माझ्याकडे बघितलंस. बाईनंच बसवलं म्हणशील, म्हणून मी वाट पाहिली. खरंच पाहिली. तू मान खाली घातलीस, आणि त्या क्षणी मला उमजलं की तू मला वाचवत नव्हतीस. तुझ्या सावलीनंच लोणचं नासलं, यावर तुझा स्वतःचाच विश्वास बसला होता. आत्याबाईंनी ती बरणी तुझ्या डोक्यावर दिली आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर रिती करायला लावली, पेठेतून, भरदिवसा. तेल कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं. दोन्ही हातांनी बरणी धरलेली, पुसणार कशानं? प्रतिक्षा मागं मागं धावत होती, "आई, मला लोनचं, मला लोनचं." कुणीतरी हसलं. मी दारात उभी होते. उरलेल्या तीन बरण्यांनाही तुझेच हात लागले होते, मंजुळा. ते लोणचं आम्ही वर्षभर खाल्लं. उत्तम टिकलं. हा हिशेब त्या घरात कुणीच मांडला नाही, आणि मी मांडू दिला नाही.

"आठ दिवस माहेरी जाऊ द्या तिला, आत्याबाईंचा राग उतरेल," असं मीच सुचवलं. पोरीच्या अंगात ताप होता म्हणून ती माझ्याकडे राहिली. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे देवाशपथ. मला किल्ल्या वाचवायच्या होत्या, एवढंच. पण पाचव्या दिवशी झोपेत तिनं माझ्या गळ्यात हात टाकला, आणि त्यानंतर माझ्या मनात नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

महिन्यानं तू नरसीहून आलीस. वाड्याच्या आत नाही आलीस, फाटकाशीच थांबलीस. "लेकराला न्यायला आले, बाई." मी बाहेर आले. तुझे पाय धुळीनं भरले होते, हातात तिच्यासाठी कागदात बांधलेले लाडू होते. मी म्हणाले, "तू गेलीस त्याच दिवशी तिचा ताप उतरला गं." खोटं नव्हतं ते. गोवर आला होता, तो उतरणारच होता. तुला वाटायला लागलं होतं की तुझ्या हातात काहीतरी वाईट आहे, आणि ते मला माहीत होतं. मी फक्त तेवढं एक वाक्य बोलले. तू फाटकाची कडी धरून उभी होतीस. मग ती कडीसुद्धा सोडलीस. "मंग ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," म्हणालीस. लाडू खाली दगडावर ठेवलेस, माझ्या हातात दिले नाहीस. सोमेश्वरभाऊजींनी तुला फारकतीचा कागद पाठवला, तोही तू सही करून परत केलास. शाळेतल्या ख्रिस्ती मुली दर शनिवारी फादरपुढं जाऊन पाप सांगायच्या आणि हलक्या होऊन यायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. पण त्यांच्या पापात दुसऱ्याचं मूल मोठं होत नसे.

गावात कुणी पोरीला सांगायला नको म्हणून शाळेचं निमित्त करून मी तिला घेऊन हिंगोलीला राहायला आले. चौथीत असताना शाळेची सहल नरसीला निघाली, तेव्हा मी तिला ताप आहे अशी चिठ्ठी पाठवली. बस गेल्यावर ती खिडकीत बसून रडली. त्याच वर्षी तिनं विचारलं, "मम्मी, मला जन्म दिला ती आई कुठंय?" मी सांगितलं, वारली. फार चांगली होती आणि तापानं वारली. तेव्हापासून दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला ती स्वतः तुझ्या नावानं पान मांडते. भात, वडे, खीर, आणि कुरडई. पहिल्या वर्षी कावळा लगेच शिवला. आत्याबाई जिवंत होत्या तेव्हा, त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बघ, शांत झाली."

पानावरची कुरडई तुझीच असायची. तू दर उन्हाळ्यात पुनमचंद शेठकडे गाठोडं ठेवायचीस, "मोठ्या बाईला द्या" एवढंच सांगून. नरसीला देवळाच्या वाटेवर तुझं दुकान आहे, कुरडया-पापड-शेवयांना लांबून लोक येतात, हे मला शेठच सांगतात. तू लोणचं ठेवत नाहीस, हेही त्यांनी सांगितलं. तू कधी विचारलं नाहीस की ती खाते का. खाते. बावीस वर्षं तिनं दुसरी कुरडई खाल्लेली नाही. त्या मी केल्या असं तिला वाटतं, आणि मी तसं वाटू दिलं. तिचं पोट कधी दुखलं नाही, मंजुळा. तुझ्या हातात काहीच नव्हतं. कधीच नव्हतं.

प्रत्येक गाठोड्यात तळाला ती रुपयाएवढी कुरडई असायची. सात-आठ वर्षांची होईपर्यंत मी ती तिला देत होते. एकदा तिनं ती तळहातावर ठेवली आणि विचारलं, "ही इतकी छोटी का केलीस?" नंतर गाठोडं आलं की मी ती आधी शोधून काढायचे आणि चुरून चिमण्यांना टाकायचे.

आता उत्तर. पत्रिका छापून आल्या आहेत. कृपाशीर्वाद म्हणून वर जी गेलेल्या माणसांची नावं असतात, त्यात मामंजींच्या आणि आत्याबाईंच्या खाली तुझं नाव आहे, कै. सौ. मंजुळा. ते प्रतिक्षानंच आग्रहानं घालून घेतलं. म्हणून तू येऊ नकोस. मागं बायांतही नको. बाळापूरच्या बाया तुला ओळखतील, आणि तिचे डोळे तुझे आहेत. हे पत्र तू तिला दाखवणार नाहीस, याची मला खात्री आहे. त्या दिवशीही तू काही बोलली नव्हतीस. पण यंदा गाठोडं आलं नाही, नुसता निरोप आला, आणि तिनं सासरी कबूल केलं आहे की रुखवतात विकतचं काही नसेल. म्हणून तेवढ्यासाठी लिहिते आहे. दोन मोठे डबे भरतील एवढ्या कुरडया अक्षय्य तृतीयेच्या आत शेठकडे पोचव. मांडवात ती त्या सगळ्यांना दाखवेल, आणि "माझ्या आईनं केल्यात" म्हणेल. ते खोटं नसेल. मला देता येण्यासारखं एवढंच आहे. फक्त ती छोटी कुरडई यंदा घालू नकोस. बाळापूरच्या कोठीतल्या माझ्याच कुरडया मागवल्यात असं मी तिला सांगितलं आहे, आणि या वेळी गाठोडं ती स्वतः सोडणार आहे.

अजूनही तुझीच,
बाई