दुबई–मुंबई : एकोणीसशे तीस किलोमीटर

दुबई, ५ फेब्रुवारी २०२५

ती. नूरमोहम्मद चाचांस,
सादर सलाम, वि. वि.

तुम्हाला फोनवरचे बोलणे आवडत नाही, म्हणून नेहमीसारखा पत्राचा फोटो पाठवत आहे. भंगाराच्या ठेक्यावरून भिमाजीने आपल्या अनिसची तीन बोटे कोयत्याने तोडली, असे अम्मीने सांगितले. भाऊ दवाखान्यात आणि मी इथे. शनिवारी सायंकाळी सहाला माझी शिफ्ट सुटते, सोमवारी सकाळी सहाला हजेरी. एवढ्यात येऊन परतता येईल का? भिमाजीलाही भेटायचे आहे. मी येणार हे अम्मीलासुद्धा कळू देऊ नका.

आपला,
सोहेल

चिंचवड, ६ फेब्रुवारी

चि. सोहेल यास,
अनेक दुआ.

असा प्रश्न निवृत्त भूगोलशिक्षकाला बऱ्याच दिवसांनी मिळाला. येता येईल, आणि निवांत. हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. विमानाला तीन तास. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, जाताना तोच समोर, म्हणून परतीला अर्धा तास अधिक धर. आपले घड्याळ दीड तास पुढे. तिथून दहाला निघालास तर इथे अडीच वाजलेले असतील. मात्र प्रवास विमानतळावर संपत नाही, हे विद्यार्थी हमखास विसरतात. तपासणीला एक तास, मग द्रुतगती मार्गाने तळेगाव आणि चाकण. सातला कुरुळी, साडेसातला मोशीचा दवाखाना.

भिमाजीशी बोलणार आहेस, हे फार बरे. रविवारी सकाळी तो कुरुळीच्या वजनकाट्यावर एकटाच असतो. शाळेत नकाशावर मुंबई भर समुद्रात काढायचा, तरी माझा मान राखतो. माझे नाव सांग, ऐकून घेईल. अम्मीच्या हातचे न जेवता गेलास हे तिला पुढेमागे कळले, तर मी मध्ये पडणार नाही.

लोभ आहेच.
तुझा चाचा

दुबई, ११ फेब्रुवारी

ती. चाचांस सलाम.

हिशेब तंतोतंत निघाला. भिमाजी काट्यावरच होता. तुमचे नाव सांगताच हसत उठला, खुर्ची पुढे केली. मी पहार घातली. पाचव्या घावानंतर हालला नाही. तरी आणखी घातले. कपडे भिजले होते, म्हणून अनिसकडे गेलो नाही. सोमवारी सहाला हजेरी लावली. पत्र पुसून टाका.

सोहेल

चिंचवड, १४ फेब्रुवारी

सोहेल,

पोलिसांनी अनिसच्या टेम्पोचा चालक धोंडीबा याला पकडले. चार दिवस मारले. एका कानाने आता ऐकू येत नाही. मी ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, गुरुजी, भाऊ परदेशात, सोमवारी कामावर हजर, त्याचा प्रश्नच येत नाही. मी कागद मागितला, दोन ठिपके काढले आणि अंतर, वारा, घड्याळातला फरक, सारे क्रमाने समजावले. त्यांनी दोन शंका विचारल्या. दोन्ही चांगल्या होत्या. मग तुझी पत्रे पुढे ठेवली, माझेही ठेवले.

धोंडीबा सायंकाळी घरी गेला. भिमाजीच्या आईकडे, केसरबाईंकडे, मी गेलो होतो. त्यांनी मला खुर्ची दिली. माझ्याच्याने बसवले नाही.

तू स्वतःहून ये. विमानतळावर पोलिसांआधी मला तुला जवळ घेऊ द्यावे, अशी विनंती मी केली. ती त्यांनी मान्य केलेली नाही. तरी मी येईन.

लोभ उरला असेल तर असू द्यावा.

नूरमोहम्मद