लवंगीच्या दाढेचं तिसरं मूळ

तीर्थरूप दादांना धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच वाकलो आहे, उरलेला कागदावर मानून घ्यावा.) तुमची प्रकृती उत्तम असणारच. वहिनींचा गुडघा मात्र जिना चढताना कुरकुरतो असं कळलं. तेव्हा वरच्या खोलीत चहा मागवण्याऐवजी आपणच खाली उतरून प्यावा, अशी नम्र सूचना. (सूचना हिची आहे. मी नुसता लेखनिक.) इकडे सगळं क्षेमकुशल आहे, एका दाढेनं मात्र घराची पार रया घालवली.

दाढ आमच्या कन्येची. लवंगी आता सहा वर्षांची झाली. तिची खालची, डावीकडची मागची दुधाची दाढ किडली आणि ठणकू लागली. औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य आहेत. दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी स्वतःचाच, सगळे दात दाखवत हसणारा एवढा मोठा फोटो लावलाय, की आत शिरताना आपण त्यांच्या तोंडात शिरतोय असं वाटतं. आम्ही त्यांना हसरे डॉक्टर म्हणतो. हसऱ्या डॉक्टरांनी दाढ उघडली, आतली नस काढली, औषध भरलं, वर चकचकीत टोपी बसवली आणि हात पुसत म्हणाले, "झालं! दुधाच्या या दाढेला दोन मुळं असतात. दोन्ही साफ केली. आता दुखायला उरलंच काय?"

दादा, मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो हे तुम्ही जाणताच. कुणाची गाडी खरोखर ठोकली गेली आणि कुणी आपणच भिंतीवर नेऊन घातली, हे मी चेहरा बघून सांगतो. (तीनदा चुकलो, पण ती माणसंच आतल्या गाठीची होती.) त्यामुळे हा युक्तिवाद मला फार आवडला. घरी आल्यावर लवंगी म्हणाली, "दुखतंय." मी तिला शांतपणे समजावलं, की मुळं दोन, साफ दोन, शिल्लक शून्य, म्हणजे दुखत नाही. तिनं विचारलं, "मग मला दुखतंय ते कुणाला दुखतंय?"

यावर मी आवाज चढवला.

पुढे घरात जे झालं त्याला चौकशी आयोग म्हणायला हरकत नाही. आपल्या आईचं मत पडलं की पोरगी लाडावली आहे. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं की गणिताच्याच तासाला गालावर हात जातो. (तो भाषेच्या तासालाही जात होता, पण भाषेच्या बाई मान वर करून वर्गाकडे बघत नाहीत.) हसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा नेलं, तर त्यांनी टोपीवर टकटक केली, लवंगी खुर्चीतून वीतभर उडाली आणि ते मला म्हणाले, "नाटकी आहे हो! मोठेपणी नाव काढणार." मीही त्यांच्याबरोबर हसलो. एकट्या हिचाच लेकीवर विश्वास होता. हिनं आमच्यापुढे दातांच्या कण्या केल्या, पण आयोगात तिला मत नव्हतं.

मग मी धंद्याला जागून अचानक तपासणी घ्यायचं ठरवलं. लवंगी कार्टून बघण्यात गुंग असताना मी मागून गेलो आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाढ हळूच दाबली. तिनं किंकाळी फोडली आणि माझं बोट चावलं. मी निष्कर्ष काढला की चावता येतंय, त्याअर्थी दात शाबूत आहेत. त्यावर ही माझ्याशी बोलायची बंद झाली.

पुढच्या आठवड्यात हिरडीवर पुळी आली. आता पुळी नाटक करते असं मलाही म्हणता येईना. हिनं लेकीला उचललं आणि थेट दातांच्या कॉलेजातला मुलांचा विभाग गाठला. मी मागोमाग गेलो. कुणीतरी जबाबदार माणूस बरोबर हवा.

तिथे एक चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई होत्या, वयानं अगदी लहान. मी प्रकरणाची सविस्तर माहिती द्यायला घसा खाकरला, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा थांबा. तू सांग गं, कुठे दुखतं? बोट ठेव." लवंगीनं तोंडात बोट घालून दाखवलं: आत, जिभेच्या बाजूला, मागे. बाईंनी हसऱ्या डॉक्टरांचा एक्स-रे बघितला आणि मशीन जरा तिरकं करून दुसरा काढला. समोरून बघताना जे मागच्या मुळाच्या आड दडलं होतं, ते तिरक्या फोटोत बाजूला सरकून उभं राहिलं. तिसरं मूळ! बारीक, वाकडं आणि कुणी हातही न लावलेलं. दोन मुळं साफ करून टोपी घातली आणि तिसरं आत सडत बसलं होतं.

त्यानंतर जो सोहळा झाला तो काय वर्णावा! विभागप्रमुख धावत आले. त्यांच्यामागून विद्यार्थ्यांचा लोंढा आला. जो तो एक्स-रे उजेडात धरून "वा! सुंदर!" म्हणत होता, जणू घरात नातवंड झालंय. खालच्या दुधाच्या दाढेला तीन मुळं क्वचितच सापडतात म्हणे. प्रमुखांना तोंडाच्या आतला फोटो हवा होता, तो सगळ्या बाजूंनी हवा होता. लवंगीचा जबडा ताणून ताणून ओठांच्या कडा लाल झाल्या, तरी कुणी तिला दुखतंय का असं विचारलं नाही. (मीही नाही. खोटं कशाला बोलू, मला थोडा अभिमान वाटत होता.) शेवटी प्रमुखांनी अंगठा आत घातला आणि लवंगीनं तोंड मिटलं.

प्रमुख एका पायावर नाचत असताना ती खुर्चीत उठून बसली आणि सगळ्या पांढऱ्या कोटांना तिनं विचारलं, "आता दिसलं ना? मग मी नाटकी नाही ना?"

सगळे पांढरे कोट पुन्हा एक्स-रेत डोकावू लागले. चष्मेवाल्या बाईच तेवढ्या म्हणाल्या, "नाहीस, राणी. तू पहिल्यापासून बरोबर सांगत होतीस." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा "ब्रश कसा करावा" हा तक्ता वाचू लागलो. फार उद्बोधक आहे.

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून, दाढ बधिर करून, तिसरं मूळ शोधून साफ केलं. पुळी बसली. परवा लवंगीनं डाव्या बाजूनं अख्खं सफरचंद कराकरा खाल्लं. आवाज ऐकून ही स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहिली. हसऱ्या डॉक्टरांना मी नवा एक्स-रे दाखवला, तर ते म्हणाले, "असं पुस्तकात असतं हो, पेशंटमध्ये नसतं!" आई मात्र आता बिल्डिंगभर सांगत फिरते की आमच्या घराण्यात मुळातच सगळं जरा जास्त.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो टिकवणे आता तुमच्या हाती.

तुमचा,
धाकटा

ता. क. – पत्र लिहिण्याचं खरं कारण असं. लवंगी सध्या वसुली करते आहे. ज्यानं ज्यानं तिला नाटकी म्हटलं, त्यानं तिच्यासमोर "मी चुकलो" म्हणायचं. आईनं म्हटलं. शाळेतल्या बाईंनी म्हटलं. हसऱ्या डॉक्टरांनी चॉकलेट देऊ केलं, ते तिनं परत केलं. आता मुख्य आरोपी उरलात तुम्ही, कारण "पोरगी नाटकी आहे, दोन धपाटे घाल" हा सल्ला तुम्ही फोनच्या स्पीकरवर दिलात आणि ती शेजारीच बसली होती. आजवर "मी चुकलो" हे शब्द तुमच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत, हे मी जाणतो. पण रविवारी फोन करा. सवय नसल्यास आधी वहिनींसमोर म्हणून बघा; त्यांनाही आवडेल.

ता. ता. क. – ही मला विचारते आहे, "तुम्ही स्वतः म्हणालात का?" मी तिला सांगितलंय की घरात वडील भावाच्या आधी बोलण्याची आपली रीत नाही. तेव्हा दादा, कृपा करून लवकर फोन करा. तोवर लवंगी माझ्याशीही बोलत नाही.