खेकड्यांची टोपली आणि तळ्याचा हक्क

लिहून ठेवणारी: श्रीमती आशालता हैबतराव वाळंज, वय ६९, निवृत्त शाखा डाकपाल, राहणार माले, तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

हे मृत्युपत्र मी माझ्या तळ्याकाठच्या खोलीत, माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणी गळ घातली म्हणून नाही की कोणी धमकावले म्हणून नाही. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. गुडघे ताब्यात नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. सव्वीस वर्षे गावाची पत्रे ज्याची त्याला पोचवली, आता माझे पोचावे एवढीच इच्छा आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. 'धाकटे दीर शंभू विठोबा वाळंज यांना माझ्या मयतीलाही दारात उभे करू नये' असे त्यात एक कलम होते. ते मृत्युपत्र मी संपूर्ण रद्द करते. का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. घर, घरामागची भातखाचरे आणि पोस्टातली ठेव मुलगा निरंजन याला. तो हिंजवडीला कंपनीत आहे. दर रविवारी येतो आणि डाव्या हातात फोन धरून खेकड्याचा रस्सा भुरकतो. तळे बुजवून तिथे सुट्टीचा बंगला बांधावा असे त्याने मला तीनदा सुचवले. मी तीनदा ऐकून घेतले. तळे त्याला नाही.

कलम २. पाटल्या सूनबाई रजनीला. पोस्टातली माझी खुर्ची, जी मी निवृत्त होताना रीतसर विकत घेतली, ती नात जुईलीला. त्या खुर्चीत बसून मी जन्मात एकच खोटा अर्ज लिहिला. जुईलीने तेवढे टाळावे.

कलम ३. प्लास्टिकचा कागद अंथरलेले मोठे शेततळे, शेजारचे छोटे टाके, पाण्यात हवा खेळवणारे पंखे, मीठ व खनिजांच्या गोण्या आणि परवानगीच्या कागदांची फाईल, हे सर्व शंभू यांची मुलगी, माझी पुतणी शुभांगी हिला. समुद्राकाठची कोळंबी मुळशीच्या गोड्या पाण्यात वाढवायचे खूळ माझे. ते शहाणपणाने चालवले तिने.

काही गोष्टी तिला पाठ आहेत, तरी लिहिते, कारण तिच्यानंतरही कोणी येईल. तपासणीच्या दाखल्याशिवाय बी, म्हणजे कोळंबीची पिल्ले, आणायचे नाही. तळ्याची बादली टाक्याला आणि टाक्याची तळ्याला लावायची नाही. फाटकातल्या औषधाच्या टबात पाय बुडवल्याशिवाय आत कोणालाही सोडायचे नाही, मग तो सरपंच असो की निरंजन. पावसाळ्यात पाणी गार पडते आणि रोगाला तेच हवे असते, म्हणून तेव्हा तळे रिकामे ठेवायचे. रोगातून वाचलेली कोळंबी कितीही धडधाकट दिसली तरी विषाणू तिच्या अंगात मुक्काम करून असतो. तिला नव्या बियात मिसळू नये. आपल्यासारखी लस टोचून तिला वाचवता येत नाही. रोग दारातच अडवावा लागतो.

कलम ४. हे कलम लिहायला मला दीड वर्ष लागले.

जुलै २०२२ मध्ये माझ्या तळ्यातली कोळंबी खायची थांबली, काठाला येऊन लागली आणि आठवड्यात सगळी मेली. टरफलांवर पांढरे ठिपके होते. मी ठिपके पाहिले, पण मला दिसले शंभू भावजी. आमचा बांधाचा वाद जुना, आणि त्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या खाचरात फवारणी केली होती. मी खुर्चीत बसून अर्ज लिहिला की त्यांनी माझ्या तळ्यात विष टाकले, आणि तो ग्रामसभेत उभी राहून वाचला. भावजी म्हणाले, "म्या न्हाई टाकलं." एवढेच म्हणाले आणि निघून गेले. गावाला मात्र माझा अर्ज पुरला.

पुढच्या वर्षी मी कुंपण घातले, कुत्रा बांधला. शुभांगी तेव्हा मत्स्यशास्त्र शिकत होती. बापाला न सांगता ती सुट्टीत माझ्याकडे आली आणि टाक्यावर तिने प्लास्टिकचे छप्पर चढवले. मी हसले. कोळंबीला दुलई पांघरतेस का, असेही म्हणाले. जुलैत तळे पुन्हा मेले. टाक्यालाही तळ्याचीच बादली लागत होती, तरी टाक्यातली कोळंबी बहुतेक जगली, कारण छपराखाली पाणी उबदार राहिले आणि उबेत त्या विषाणूचे फार चालत नाही. शुभांगीने मेलेली आणि जिवंत कोळंबी बर्फात घालून तपासायला नेली. आणि जाताना माझ्या टोपलीतले दोन खेकडेही नेले.

आमच्याकडे पावसाळ्यात खाचरातले खेकडे धरतात. मी शनिवारी धरायचे आणि निरंजनच्या रविवारच्या रश्श्यापर्यंत जिवंत राहावेत, चिखल सुटावा म्हणून ती टोपली दोरीने तळ्यात सोडून ठेवायचे. खेकड्यांना त्या विषाणूने काही होत नाही, ते तो नुसता वाहून नेतात. माणसालाही काही होत नाही, म्हणून निरंजन ठणठणीत आहे.

शुभांगीने दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक कोळंबीचा, एक खेकड्यांचा. दोन्हींत तोच विषाणू. म्हणजे तळे मीच मारले, दोन्ही वर्षी. ती म्हणाली, "काकी, आदी माझ्या आबांना सांगा. तवर तळं माझ्या नावावर करू नका, मी घ्यायची न्हाई."

ते कागद मी पेटीत कुलूपबंद केले. शरमेने केले. तिच्या नियमांनी २०२४ ला तळे एकदाही आजारी न पडता पिकले, गाव बघायला आले, मी सगळ्यांना कोळंबी वाढली आणि तरीही बोलले नाही.

मेल्यावर वाचायला हे ठेवणे हा पळपुटेपणा झाला असता. म्हणून गेल्या रविवारी मी भावजींच्या अंगणात गेले. ते बांबू सोलत होते. मी उभ्याउभ्याच हे कलम, तोवर लिहिले होते तेवढे, वाचले. त्यांनी कोयता खाली ठेवला.

"लई उशीर केला तुमी, वहिनी," ते म्हणाले. मग सोललेल्या कामट्या गोळा करत म्हणाले, "मला वाटायचं, माझीच फवारणी वाऱ्यानं गेली आसंल. त्या दिसापासनं त्या खाचरात औषध मारलं न्हाई म्या. दुसऱ्या साली तळं मेलं तवा वाटलं, मातीत मुरलेलंच औषध पाण्यात उतरलं."

तीन भातांचे हंगाम त्यांनी माझे पाप स्वतःच्या डोक्यावर घेतले होते. मी तिथेच रडले. ग्रामसभेत हे कलम मी स्वतः वाचणार आहे. त्याआधी मेले, तर निरंजनने वाचावे, फोन खिशात ठेवून.

कलम ५. वादातली बांधालगतची पट्टी शंभू विठोबा वाळंज यांना द्यावी.
(हे कलम खोडले आहे. आ. है. वाळंज)

खोडण्याचे कारण असे. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. साक्षीदार म्हणून भावजींचीच सही मला हवी होती, म्हणून मी हे त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मंग पट्टी ऱ्हाऊ द्या. मी सही करतो." ती पट्टीही शुभांगीला.

कलम ६. माझ्या वर्षश्राद्धानंतर कोणाला खेकडे खावेसे वाटले तर जरूर खावेत. टोपली मात्र विहिरीमागच्या दगडी डोणीत ठेवावी.

या सगळ्याची अंमलबजावणी निरंजनने करावी. तो कुरकुर करेल, पण करेल.

ठिकाण: माले, तळ्याकाठची खोली
दिनांक: ९ मार्च २०२५
सही: आशालता हैबतराव वाळंज

साक्षीदार १: डॉ. सुलक्षणा मारणे, पौड. लिहून ठेवणारी पूर्ण शुद्धीत आहे. आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार २: शंभू विठोबा वाळंज, माले. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. आत येताना टबात पाय बुडवले.