माझी आई मऊ होती

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची! दोन बॅगा, एक गुंडाळलेली गादी आणि पूर्वीच्या मानाने पाऊण मी. वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन होऊन अकरा आठवडे झाले. उरलेली पाव मी कुठे विरघळली ते देव जाणे, पण तिच्या नावाने अश्रू ढाळायला कुणी बसलेलं नाही. सामान घेऊन जिना चढले तरी धाप लागली नाही. वरच्या पायरीवर उभी राहून उगीचच खाली पाहिलं, शिखर सर केल्यासारखं.

जागा छान आहे. बाहेरची खोली, तिच्यातच ओटा, आणि आत एक छोटी खोली. खाली गोदाम आहे, तिथे दिवसभर खोकी आपटतात. वर मी एकटीच. आतली खोली पिल्लूची. पिल्लू म्हणजे माझी लेक, पाच वर्षांची, सध्या माझ्या आईकडे असते. आईने स्पष्ट सांगितलंय की आधी तू नोकरीत टिकून दाखव, महिन्याभराने मी पोरीला आणून सोडते. ऑपरेशन केलं तेच मुळी पिल्लूसाठी. बागेत ती पळायची आणि मी बाकावरून नुसती ‘सावकाश गं’ ओरडायचे. आता मागे धावणार आहे. दमवणार आहे तिला.

शुक्रवार, ७ मार्च

कारखाना तान्ह्या बाळांच्या कपड्यांचा. आमच्या टेबलाचं काम सगळ्यात शेवटचं. शिवून आलेलं प्रत्येक झबलं उलटं करायचं आणि शिवणीवरून बोटं फिरवायची. कुठे टोचतंय का, गाठ राहिलीय का ते पाहायचं. हातमोजे घालायला सक्त मनाई. सुपरवायझर बाई म्हणतात, डोळे फसवतात, बोटं फसवत नाहीत.

आणि सुईचा नियम तर भारीच. मशीनवर सुई तुटली की सगळं काम थांबतं. तुकडे शोधायचे, एका वहीत चिकटपट्टीने जोडून लावायचे, आणि पुरती सुई तयार झाली तरच मशीन पुन्हा चालू. वहीत अशा शेकडो सुया आहेत. माझ्या शेजारी बसणारीला सगळे चिमटा म्हणतात, कारण ती दोरे चिमट्याने उपटते आणि माणसांनाही शब्दांचे चिमटे काढते. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, वारा आला तर टेबलाला धरून बस हो. इतकं बरं वाटलं मला! आजवर ‘वाऱ्याने उडशील’ असं कोणी म्हटलं नव्हतं.

बुधवार, १२ मार्च

गोळ्यांचा वैताग आलाय. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्यायला सांगितल्यात, शिवाय दर महिन्याला इंजेक्शन. गोळ्या खडूएवढ्या मोठ्या, आणि घेतली रे घेतली की दहा मिनिटांत बाहेर. तशी आता सूपही बाहेर, भातही बाहेर. पोट झालंय मुठीएवढं, त्यात गोळी मावेल की घास? म्हणून ठरवलं, गोळ्यांना थोडे दिवस सुट्टी. या महिन्याचं इंजेक्शनही राहिलंय, त्यासाठी रजा मागावी लागेल आणि तीन महिने मी नोकरीत कच्चीच आहे.

तळपायांना मुंग्या येतात. दिवसभर बसून येत असणार. वजन आणखी उतरलं.

मंगळवार, १८ मार्च

आज कारखान्यात हाहाकार. पुढच्या रांगेत सुई तुटली आणि टोकच सापडेना. तीन तास सगळे चपला काढून जमिनीवर रांगत होतो, लोहचुंबक फिरवत होतो. शेवटी त्या दिवसाचा सगळा माल जाळला. सुपरवायझर बाईंनी वहीत टोक नसलेली सुई लावली आणि समोर रिकामी जागा ठेवली. वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं म्हणे.

घरी आल्यावर एक गंमत लक्षात आली. मुंग्या थांबल्या. पायाच्याही, आणि आठ दिवस बोटांना येत होत्या त्याही. म्हटलं, चला, बरं झालं.

शनिवार, २२ मार्च

बरं कसलं. बोटांना कापड कळत नाही.

टेबलावर झबलं आहे हे दिसतं, हात फिरतोय हेही दिसतं, पण तो हात दुसऱ्याच कोणाचा तरी. आज तीन गाठी माझ्या हातून सुटल्या आणि चिमटाने पकडल्या. ती कोणाला बोलली नाही. दुपारी मी एक युक्ती काढली. ओठांना अजून कळतं. शिवण ओठांवरून फिरवायची. चिमटाने पाहिलं आणि विचारलं की बाळांचे मुके घ्यायची इतकी घाई झालीय का. मी म्हटलं, झालीय, माझी लेक येतेय. ती हसली नाही.

सोमवार, २४ मार्च

घरी आल्यावर फरशीवर लाल ठिपके दिसले. दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून गादीपर्यंत. आधी वाटलं, काहीतरी सांडलं. मग कळलं की मी जिथे जिथे जाते तिथे तिथे ते उमटतात.

टाच वर करून पाहिली. सुईचं टोक होतं. सहा दिवस मी त्यावर उभी राहिले, जिना चढले, उतरले. चिमट्याने ओढून काढलं. बरंच आत होतं. दुखलं नाही. दुखेल म्हणून मी दात आवळून बसले होते, आणि काहीच झालं नाही. त्याचीच भीती वाटली.

मंगळवार, २५ मार्च

टोक सुपरवायझर बाईंना नेऊन दिलं. त्यांनी ते वहीत रिकाम्या जागी लावलं. तंतोतंत बसलं. मग मला कारखान्याच्या नर्सकडे पाठवलं.

नर्सने डोळे मिटायला सांगितले. म्हणाली, एकेक बोट धरते, कोणतं ते सांगा. मी दहाच्या दहा सांगितली. डोळे उघडले तेव्हा तिने अजून हातच लावला नव्हता.

तिने गोळ्यांचं विचारलं, उलट्यांचं विचारलं. मग जवळ बसून म्हणाली, “हे हातापायाशी थांबत नाही हो. डोळ्यांत जातं, मग डोक्यात जातं. आजच्या आज अॅडमिट व्हा.” इंजेक्शनं सुरू केली तर अजून सगळं हातात आहे म्हणे. मी म्हटलं, सहा तारखेच्या रविवारी माझी लेक येतेय, सोमवारी नक्की होते. आज दवाखान्यात गेले तर आई तिला आणणारच नाही. परत म्हणेल, तू स्वतःलाच सांभाळ. नर्सने माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं. बारा दिवसांनी असं काय आकाश कोसळणार आहे?

सुपरवायझर बाईंनी तोवर रजा दिली. पक्की नोकरी ठेवतील का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

बुधवार, २ एप्रिल

भिंतीला धरून चालते. पाय कुठे पडतोय ते बघावं लागतं. खाली पाहिलं नाही तर पडते. आज दोनदा. दिव्याच्या शेजारी दुसरा दिवा दिसतो.

आतली खोली मात्र सजवली. गादीवर पिवळी चादर, खिडकीत कागदाची फुलं. कातरीने बोट कापलं ते फुलावर डाग पडल्यावर कळलं. लाल फूल म्हणून चालवून घेतलं.

रविवार, ६ एप्रिल

आली. माझं पिल्लू आलं.

दारात आजीच्या मागे लपून उभी होती. मी हात पुढे केले तर येईना. आई म्हणाली, अगं, तुझी आईच आहे ती. पिल्लूने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “माझी आई मऊ होती.”

आईने माझ्याकडे पाहून विचारलं की किती वाळलीस, बरी आहेस ना. मी खुर्चीतून उठलेच नाही, म्हणजे चालणं दिसायला नको. म्हटलं, डाएट आहे. आईला दुपारची बस होती. ती गेली.

मग पिल्लू हळूहळू जवळ आली. मांडीवर बसली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. किती तरी वेळ फिरवला. केस कळले नाहीत. डोकंही कळलं नाही. ती झोपली तेव्हा तिच्या कपाळाला ओठ लावले.

ओठांनाही नाही.

सोमवार, ७ एप्रिल

दवाखान्यात जायचं होतं. जिना उतरता येईना. उद्या.

दोन पिल्लू दिसतात. एक खरी. दूध तापवलं, पातेलं उचललं — धरलंय असं वाटलं, धरलं नव्हतंच. सगळं उकळतं दूध ती बसली होती तिथेच. वीतभर बाजूला. ओरडली ती. लागलं नाही. नाही लागलं, नीट पाहिलं, दोनदा.

इथे काच, विळी, शेगडी. आणि मी. तिला आतल्या खोलीत ठेवलं. बाहेरून वरची कडी लावली. म्हटलं, पाचच मिनिटं हं राणी, आई पुसून घेते, मग उघडते. शहाणी आहे, गेली गुपचूप.

आधी जरा टेकते. मग पुसते —

मंगळवार, ८ एप्रिल

छान झोप झाली. पिल्लू यायला पाचच दिवस राहिले. रविवारी येणार.

फरशीवर दूध वाळलंय. कोणी सांडलं? मुंग्या लागल्यात.

खाली गोदामात खोकी हलवतायत. सारखं धडधड. डोकं उठलं.

मंगळवार, दुपार

आईचा फोन. म्हणाली, पिल्लूला दे. मी म्हटलं, अजून आली कुठे, तू आणणार ना रविवारी? मग म्हणाली, “अगं, परवाच तर सोडून गेले मी तिला तुझ्याकडे.”

फोन हातात होता असं वाटलं. खाली पडून फुटला होता.

वही मागे वाचली. माझंच अक्षर आहे.

खोकी नाहीत ती. दार वाजतंय. ‘आई’ म्हणतेय ती. मलाच.

दारापर्यंत सरपटत आले. कडी वर आहे. उभं राहता येत नाही. खुर्ची आणायला ओट्याकडे गेले आणि — कशाला आले ते आठवेना. तिथे बसून राहिले. किती वेळ, माहीत नाही. हातात वही होती म्हणून परत कळलं.

म्हणून लिहितेय. मोठ्या अक्षरात.

ती आत आहे. खुर्ची घे. कडी काढ.

ती आत आहे. खुर्ची घे. कडी काढ.

खुर्चीवर चढले. दोन कड्या दिसतात. हात लावला, पण लागला की नाही, सरकली की नाही, कळत नाही. पडले. पुन्हा चढते. पिल्लू, मी इथेच आहे गं. ती आत आहे. खुर्ची —

तारीख?

छान झोप झाली. अंग अगदी हलकं वाटतंय. गोदामातलं काम संपलं बहुतेक, सगळं कसं शांत आहे.

पिल्लू रविवारी येणार. पिवळी चादर घालायचीय. आतल्या खोलीचं दार कोणी लावलंय कोण जाणे, आणि ही खुर्ची इथे मध्येच —