सहाशे जबडे आणि एक हिरवी टिक

३ जून
आजपासून मी लॅबचा 'डिझास्टर रिकव्हरी प्रमुख'. पद मीच सुचवलं, मॅडम "बरं" म्हणाल्या. आमच्याकडे कवळ्या बनतात. सहाशे गिऱ्हाइकांचे जबडे स्कॅन करून सर्व्हरवर ठेवलेत. सर्व्हर पाण्याच्या कूलरखाली आहे. (जागा बदलणे. याच आठवड्यात.)
संकल्प: रोज बॅकअप. शिवाय दर शुक्रवारी तो परत आणून बघायचा. परत येत नसेल तर तो बॅकअप काय चाटायचाय?

५ जून
बॅकअप सुरू. डिस्क मॅडमच्या कपाटात. स्क्रीनवर हिरवी टिक. डोळे भरून पाहिली.

८ जून, शुक्रवार
बॅकअपला बावीस अक्षरी पासवर्ड घातला. इतका अवघड की मलाही आठवणार नाही. चिठ्ठीवर लिहिणं म्हणजे अडाणीपणा. सर्व्हरवरच एका फाइलीत ठेवला. त्या फाइलीचाही रोज बॅकअप होतो. चोर हात हलवत परत जाईल.
या गडबडीत चाचणी राहिली. पुढच्या शुक्रवारी नक्की.

१४ जून
साचेकाकांशी वाद. हे आमचे सर्वांत जुने कारागीर. प्रत्येक जबड्याचा प्लास्टरचा साचा फळीवर, खाली पेन्सिलीने नाव. खोलीभर धूळ. मी म्हटलं, हा डुप्लिकेट डेटा आहे, फेका. काका म्हणाले, आधी तुझी डिस्क चावून दाखव, मग फेकतो. माणसाला तंत्रज्ञानच कळत नाही. नाद सोडला.
पण लोकांना विश्वास वाटावा म्हणून एक साचा सर्वांसमोर स्वतः फोडला. सासरेबुवांचा. घरचा माणूस, बोंब मारणार नाही. त्यांची नवी कवळी व्हायची आहे, पण स्कॅन आहेच. २० जुलैला वर्गमित्रांच्या मेळाव्यात त्यांचं भाषण आहे. माप देताना भडाभडा ओकले होते. पुन्हा जन्मात माप देणार नाही म्हणाले. द्यायचंय कुणाला!

२२ जून
बायकोने विचारलं, बॅकअप कधी परत आणून बघितलास का. म्हटलं, टिक हिरवी आहे. ती म्हणाली, फ्रीजवरच्या व्यायामाच्या तक्त्यातही तू रोज टिक करतोस. विषय बदलला.

६ जुलै, सकाळी ९.१०
कूलर फुटला. सर्व्हरला आंघोळ. मी शांत. मॅडमना सांगितलं, अर्ध्या तासात सगळे जबडे परत.

९.४०
डिस्क जोडली. पासवर्ड मागतेय.

९.४२
पासवर्ड सर्व्हरवर आहे.

९.४३
सर्व्हरमध्ये पाणी आहे.

११.००
धीर सोडायचा नाही. पासवर्डच्या फाइलीचा बॅकअप आहे. तो बॅकअपमध्ये आहे.

दुपार
मॅडमनी माझा आपत्ती-प्लॅन मागितला. चौदा पानी, रंगीत आकृत्यांसह. तोही सर्व्हरवर. मॅडमनी साचेकाकांना हाक मारली. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ जुलै
साचेकाकांच्या फळ्या जशाच्या तशा. एकेक साचा काढून पुन्हा स्कॅन करतोय. मी धूळ पुसतो, काका नाव वाचतात. बघायला गेलं तर हा दुसऱ्या जागी ठेवलेला बॅकअपच. प्लॅनमध्ये लिहायचा राहिला, एवढंच.
'प्रमुख'ची पाटी काकांच्या टेबलावर गेली. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

१६ जुलै
सगळे जबडे परत मिळाले. एक सोडून.
काकांनी रिकामी जागा दाखवली. खाली पेन्सिलीने सासरेबुवांचं नाव. लाज वाटली. अगदी खरी.

१९ जुलै
सासरेबुवांना पुन्हा माप द्यायची विनंती केली. त्यांनी ओठ गच्च मिटले. जुनी कवळी मोडलेली, आठवडाभर सूपवर आहेत. मेळाव्याला मात्र जाणार म्हणतात. बायको माझ्याशी बोलत नाही.
शेजारच्या खोलीत भाषणाची तालीम चालू आहे. बोळक्या तोंडाने काही कळत नाही. एकच शब्द स्वच्छ येतो: 'जावई'.
भाषणात तो फार वेळा आहे.